व्हायब्रेटो उपजत नसतो, कमावलेला असतो

ट्रम्पेटच्या लांब स्वरावर उमटणारी लहर, म्हणजे व्हायब्रेटो, वाजवणाऱ्याच्या अंगातच असते, आणि तिची ढब बदलायला गेलं तर ओठांची बसलेली ठेवण बिघडते, हा समज खोल रुजलेला आहे. इतिहासाची साक्ष मात्र उलट आहे. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस शाळकरी वयात भरपूर व्हायब्रेटो घेत असे. एल्वुड ब्युकॅनन या त्याच्या शिक्षकांनी ते थांबवून सरळ स्वर धरायला लावलं. १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या त्याच्या अल्बममधला जवळपास निष्कंप सूर त्याच वळणाचा आहे, आणि तो भावशून्य आहे असं कोणी म्हणू धजणार नाही. लहर जास्त म्हणजे भाव जास्त, हे समीकरणही तिथेच मोडतं. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत राहून अमेरिकन ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात इतके मुरले की लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. तो ढंग त्यांना वारशाने मिळालेला नव्हता.

‘पोटातून कंप काढ’ हा सल्लाही सर्रास मिळतो. श्वासाने व्हायब्रेटो निघतो हे खरं, पण ट्रम्पेटवर तो एकमेव मार्ग नव्हे. जबडा किंचित खालीवर हलवून स्वर झुलवता येतो. हाताच्या पद्धतीत उजवा अंगठा पहिल्या आणि दुसऱ्या व्हॉल्व्हच्या मध्ये टेकवून वाद्य जरासं पुढेमागे करतात. माउथपीसचा ओठांवरचा दाब बदलतो आणि स्वर हलतो. ट्रॉम्बोनवाला स्लाइडच हलवतो, पण पहिल्या पोझिशनमध्ये ती पूर्ण आत असल्याने तिथे स्वर फक्त उतरू शकतो. मार्ग बदलला की लहरीचा पोत बदलतो, म्हणून नवी ढब हवी असेल तर आधी मार्ग निवडावा लागतो.

मग येते गती. मेट्रोनोम ६०वर ठेवून ठोक्याला चार लहरी घेतल्या तर सेकंदाला चार होतात. तो ९०वर नेला की सहा. लहरीची रुंदी वेगळी कमवायची: आधी मुद्दाम रुंद, मग हळूहळू अरुंद. अशी मोजून घेतलेली लहर यांत्रिक वाटेल, हा आक्षेप रास्त आहे, पण तो मैफिलीतल्या मोजणीला लागू पडतो, रियाजातल्या मोजणीला नाही. आर्मस्ट्राँग स्वर बहुधा सरळ सुरू करून शेवटाकडे झुलवत असे. लहर कुठे सुरू करायची हे असं ऐकून ठरवता येतं, पण ठरवलेलं वठवायला हात तयार लागतो. ओठांबद्दलची भीतीही अगदीच पोकळ नाही. हाताने वाद्य ओठांवर दाबत राहिलं तर उंच स्वरांवर ओठ लवकर थकतात. म्हणून सुरुवात मधल्या सप्तकात करावी, आणि सरळ स्वर डळमळत असेल त्या दिवशी लहरीला हातच लावू नये.