परगावी जेवावे कोठे?

परगावी गेलेल्या माणसापुढे दोन प्रश्न असतात : उतरावे कोठे आणि जेवावे कोठे? पहिला प्रश्न पाहुणेरावळे सोडवतात. दुसरा पुष्कळदा ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. आपणा इस्लामपूरकरांना तर तो आता वरचेवर पडणार आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसू लागले आणि आपल्या जिल्ह्यातील पक्षकारांची मुंबईची वारी बरीचशी टळली. तारखेला गेलेला मनुष्य दुपारी कोर्टाबाहेर पडतो, तेव्हा समोर पाट्याच पाट्या दिसतात : 'अस्सल कोल्हापुरी', 'घरगुती चव', 'गावरान'. यांतली खरी कोणती?

ते पाटीला विचारून उपयोग नाही. खानावळ मुळात कोणासाठी निघाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. ती घर सोडून राहिलेल्या, दोन्ही वेळा तेथेच जेवणाऱ्या माणसासाठी निघाली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि आपल्या घाटावरून गेलेले कामगार एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीने जेवत. पगार होईपर्यंत वाण्याची उधारी तीच सोसे आणि सावकाराचे व्याजही तीच भरी. अशा बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. रोजच्या गिऱ्हाइकाला फसवता येत नाही, कारण ते उद्या पुन्हा पानावर बसणार असते. वाटसरूला एकदा फसवले तरी चालते. तो परत येईलच असे नाही.

तेव्हा पहिली कसोटी ही : आत कोण जेवत आहे? त्याच गावचे कारकून, व्यापारी, हमाल बसले असतील, तर निःशंक आत जावे. दुसरी कसोटी पदार्थांच्या यादीची. शंभर पदार्थ ताजे रांधणे एका चुलीला झेपत नाही. चार पदार्थ करणारा आणि ते संपले की दार लावणारा खानावळवाला अधिक विश्वासाचा.

तिसरी कसोटी गावच्या खास पदार्थाची. कोल्हापुरात ती पांढऱ्या रश्श्यावर घ्यावी. मटण शिजवलेले अळणी पाणी, नारळाचे दूध, वाटलेली खसखस आणि तीळ यांचा तो मेळ असतो. दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला तर फुटतो. म्हणून चुलीपाशी जाणते माणूस उभे असावे लागते. पिठाने दाट केलेल्या रश्श्यात मटणाच्या पाण्याची चव सापडत नाही. जी गोष्ट पांढऱ्याची, तीच तांबड्याची. नुसता जाळ म्हणजे कोल्हापुरी नव्हे. तिखटामागे भाजलेले खोबरे, तीळ, कांदा-लसूण यांची चव लागली पाहिजे. शाकाहारी मंडळींनीही 'व्हेज कोल्हापुरी' या हॉटेलांत जन्मलेल्या भाजीमागे न लागता पिठले-भाकरी, भरले वांगे कोठे मिळते ते विचारावे.

हा अनुभव केवळ आपल्याकडचाच नाही. इटलीतील बोलोन्या शहरात जाणारा प्रवासी 'स्पॅगेटी बोलोनीझ' मागतो. प्रत्यक्षात तेथल्या घरांत मांसाचे ते कालवण अंड्यात भिजवलेल्या पिठाच्या रुंद, चपट्या शेवयांवर वाढतात; त्यांना ताल्यातेल्ले म्हणतात. घरच्या माणसांनी चालवलेल्या साध्या भोजनगृहाला तिकडे त्रात्तोरिया असे नाव आहे. प्रसिद्ध चौकात छायाचित्रांची यादी हाती घेऊन हाका मारणाऱ्यास टाळावे आणि दोन गल्ल्या आत जावे, हा उपदेश तेथेही लागू पडतो. १९८६ साली रोममध्ये एका परदेशी झटपट खाद्यगृहाविरुद्ध निदर्शने झाली. त्यांतूनच कार्लो पेत्रिनी यांची 'स्लो फूड' चळवळ वाढली आणि पुढे तिने अशा जुन्या भोजनगृहांची मार्गदर्शिकाच काढली.

आपण चुकीच्या दारात शिरलो तर आपले दोनशे-चारशे रुपये जातात. ते सोसता येईल. परंतु गल्लीतल्या खऱ्या खानावळीचे एक पान त्या दिवशी कमी होते. अशी पाने कमी होत गेली की एके दिवशी ती चूल विझते आणि तिच्याबरोबर कोणत्याही पुस्तकात न लिहिलेला हातही जातो. म्हणून परगावी भूक लागली की पाटी वाचण्याआधी पंगत पाहावी.