मेझुझा विकत घेताना

ज्यू घराच्या दाराला उजव्या चौकटीवर एक छोटी डबी असते. तिला मेझुझा म्हणतात. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल घरांतही ती दिसते. गिऱ्हाईक डबीची नक्षी बघून पैसे मोजतं, पण खरी वस्तू म्हणजे आतलं चर्मपत्र. त्यावर बायबलच्या ‘अनुवाद’ पुस्तकातल्या 6व्या आणि 11व्या अध्यायांतले दोन उतारे असतात. हिब्रूतली ही 713 अक्षरं ‘सोफेर’ने, म्हणजे शिकून तयार झालेल्या लेखनिकाने, हाताने लिहिलेली हवीत. एक अक्षर गळलं तरी मेझुझा बाद! छापील कागद घातलेली डबी तर धर्मनियमाने नुसती शोभेची.

छापील प्रत जाणकाराला ओळखता येते, गळलेलं अक्षर संगणकही पकडतो. पण अक्षरं क्रमानेच लिहिली, की राहिलेलं मागाहून घुसवलं, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून घेताना विचारा: लिहिलं कोणी? तपासलं कोणी? पावतीवर ‘हस्तलिखित’ असं लिहून देणार का? दोष निघाला तर परत घेणार का? दुकानदार उत्तर टाळू लागला, तर सरळ पुढचं दुकान बघा.

शाईला तडे जातात, म्हणून सात वर्षांत दोनदा पत्र तपासून घ्यायचा नियम आहे. पावती तोवर जपून ठेवा.