कर्ट फ्लड : विकले जाण्यास नकार देणारा बेसबॉलपटू

अमेरिकेतील सेंट लुईस कार्डिनल्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचा कर्ट फ्लड याला ऑक्टोबर १९६९ मध्ये क्लबच्या एका अधिकाऱ्याचा दूरध्वनी आला. त्याला फिलाडेल्फिया फिलीज या संघाकडे सोपविण्यात आल्याचे या संभाषणात कळविण्यात आले. बारा हंगाम ज्या संघासाठी तो खेळला, त्या संघाने निर्णयापूर्वी त्याचे मत विचारले नव्हते. तशी आवश्यकताही नव्हती. करारानुसार खेळाडूवर क्लबचाच हक्क होता. सात खेळाडूंच्या अदलाबदलीत फ्लड हे एक नाव होते. त्याने जाण्यास नकार दिला. त्या नकाराने त्याची कारकीर्द संपविली आणि काही वर्षांतच अमेरिकेतील व्यावसायिक खेळाचे अर्थकारण बदलून गेले.

फ्लड कोणत्या दर्जाचा खेळाडू होता, हे आधी पाहणे आवश्यक आहे. बेसबॉलच्या मैदानाचा बाहेरचा भाग तीन क्षेत्ररक्षक सांभाळतात. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. त्यांपैकी मधल्या, म्हणजे सेंटर फिल्डरच्या वाट्याला सर्वाधिक जागा येते. क्रिकेटमध्ये सीमारेषेजवळ उंच झेल टिपण्यासाठी धावणारा क्षेत्ररक्षक डोळ्यांसमोर आणावा. मात्र येथे एकाच माणसाला दोन्ही बाजूंना धावावे लागते, आणि फटका बसल्याच्या क्षणीच चेंडू कुठे पडेल हे ताडावे लागते. फ्लडने १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा 'गोल्ड ग्लव्ह' पुरस्कार मिळविला. १९६६ च्या संपूर्ण हंगामात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. फलंदाजीतही तो कमी नव्हता. दहापैकी तीन प्रयत्नांत यशस्वी फटका मारणारा फलंदाज या खेळात उत्तम समजला जातो. फ्लडची कारकिर्दीतील सरासरी.२९३ होती. १९६४ आणि १९६७ मध्ये कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, त्या दोन्ही संघांत तो होता.

त्याच्या एका चुकीचीही आठवण काढली जाते. १९६८ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या आणि निर्णायक सामन्यात डेट्रॉइट टायगर्सच्या जिम नॉर्थरपने मारलेल्या चेंडूचा अंदाज घेताना तो आधी पुढे आला, मग मागे वळताना घसरला. चेंडू डोक्यावरून गेला, दोन धावा झाल्या आणि सामना हातचा गेला. वर्षानुवर्षे झेल न सोडणाऱ्या खेळाडूच्या वाट्याला अशी आठवण यावी, हा खेळाचा स्वभावच म्हणावा लागेल.

'राखीव कलम' म्हणजे काय?

फ्लडने ज्याला आव्हान दिले, ते बेसबॉल करारातील 'रिझर्व्ह क्लॉज', म्हणजेच राखीव कलम. त्याची सुरुवात १८७९ मध्ये झाली. खेळाडूंचे मोबदले वाढू नयेत म्हणून क्लबमालकांनी आपापसांत ठरविले, की प्रत्येक संघाने काही खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे हा नियम सर्वच खेळाडूंना लागू झाला. कराराची मुदत संपल्यावर क्लबला तो आणखी एका वर्षासाठी वाढविता येत असे. नूतनीकरण झालेल्या करारातही तेच कलम असल्याने ते वर्ष संपल्यावर पुन्हा वाढ, असा मालकांचा अर्थ होता. परिणामी खेळाडू एकदा सही करी आणि निवृत्तीपर्यंत त्या क्लबचा होई. क्लब मात्र त्याला केव्हाही दुसऱ्याकडे देऊ शके. खेळाडूपुढे दोनच मार्ग उरत : सांगितले तेथे खेळणे किंवा खेळ सोडणे.

भारतीय वाचकाला येथे २००८ पासून होणारे आयपीएलचे लिलाव आठवतील. परंतु त्या लिलावात नाव खेळाडू स्वतः नोंदवितो आणि त्याचा करार ठरावीक मुदतीचा असतो. फ्लडच्या कराराला शेवटच नव्हता.

इतर उद्योगांत अशी व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याखाली टिकली नसती. बेसबॉलला मात्र १९२२ पासून सूट होती. बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापार नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना न्यायालयाने पुढे ही सूट नाकारली. बेसबॉलची तेवढी कायम राहिली.

नाताळच्या आदल्या दिवशीचे पत्र

फ्लड कृष्णवर्णीय होता. १९५६ मध्ये व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली तेव्हा त्याला अमेरिकेच्या दक्षिण भागातील दुय्यम संघांत पाठविण्यात आले. तेथे गोरे सहकारी उपाहारगृहात बसून जेवत आणि त्याला मागच्या दाराशी अन्न घ्यावे लागे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात भाड्याने घेतलेल्या घरात राहायला जाण्यासाठीही त्याला न्यायालयाचा आदेश मिळवावा लागला होता. या अनुभवांमुळे अन्याय आपल्याला अधिक जाणवतो, हे त्याने नाकारले नाही. मात्र हे कलम गोऱ्या-काळ्या सर्वच खेळाडूंना बांधते आणि लढा सर्वांसाठी आहे, असेही त्याने खेळाडू संघटनेच्या प्रतिनिधींना सांगितले.

संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांनी त्याला आधीच सावध केले होते. खटला जिंकण्याची शक्यता कमी आहे आणि जिंकलास तरी त्याचा फायदा तुला मिळणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतर खेळाडूंना फायदा होईल ना, एवढेच फ्लडने विचारले. डिसेंबर १९६९ मध्ये प्रतिनिधींनी त्याला एकमताने पाठिंबा दिला. २४ डिसेंबर रोजी त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिले. आपल्या इच्छेचा विचार न करता विकता-घेता यावी अशी मालमत्ता आपण नाही, असे त्यात म्हटले होते. इतर क्लबांनाही आपण उपलब्ध असल्याचे कळवावे, अशी त्याची विनंती होती. कून यांनी ती फेटाळली.

त्या काळी वर्षाला ९० हजार डॉलर मिळविणाऱ्या माणसाने गुलामगिरीची भाषा करावी, याचे अनेकांना आश्चर्य वाटले, काहींना रागही आला. भरपूर पगार असला तरी गुलाम तो गुलामच, असे उत्तर त्याने दूरदर्शनवरील मुलाखतीत दिले. मजुरी किती मिळते हा येथे प्रश्नच नव्हता. काम सोडण्याची मुभा नसेल तर ती वेठच होय.

जानेवारी १९७० मध्ये खटला दाखल झाला. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग हे फ्लडचे वकील होते. १९४७ मध्ये मेजर लीगमधील वर्णभेदाची भिंत ओलांडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच्या बाजूने साक्ष देण्यास आला. परंतु त्या वेळी खेळत असलेल्यांपैकी एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. मालकांची भीती त्याला कारण होती हे समजण्यासारखे आहे. तरीही कागदावरील एकमताचा पाठिंबा आणि त्या रिकाम्या खुर्च्या यांतील अंतर खटकते.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी निकालपत्राच्या प्रारंभी बेसबॉलचा गौरवपूर्ण इतिहास आणि जुन्या खेळाडूंची लांबलचक यादी दिली. बेसबॉलची सूट ही विसंगती आहे हे त्यांनी मान्य केले, परंतु ती दूर करण्याचे काम काँग्रेसचे, असे सांगून हात आखडता घेतला. विरोधी मत देणाऱ्यांत सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल होते.

तोवर फ्लडचा खेळ संपला होता. १९७० चा हंगाम त्याने खेळल्याविना घालविला. १९७१ मध्ये वॉशिंग्टन सिनेटर्सकडून तो परतला, पण १३ सामन्यांनंतर संघ सोडून निघून गेला. पुढची काही वर्षे त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर काढली. मद्याचे व्यसन आणि आर्थिक ओढाताण यांनी त्याला ग्रासले होते.

फळ इतरांच्या पदरी

खटल्यात मालकांचा एक युक्तिवाद असा होता, की हा विषय न्यायालयाचा नसून वाटाघाटींचा आहे. खेळाडू संघटनेने तो शब्दशः घेतला. १९७३ च्या करारात दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यांतील शेवटची पाच वर्षे एकाच संघात असलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा अधिकार मिळाला. फ्लड या दोन्ही अटी पूर्ण करीत होता. नियम चार वर्षे उशिरा आला एवढेच. त्यानंतर अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅक्नॅली या गोलंदाजांनी, म्हणजे पिचरांनी, नव्या करारावर सही न करता आपले प्रकरण लवादापुढे नेले. लवाद पीटर सीट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी निर्णय दिला, की एका वर्षाची वाढ म्हणजे एकच वर्ष. राखीव कलमाचा जीव त्या एका वाक्याच्या अर्थात होता. तो गेला आणि खेळाडूंना संघ निवडण्याचा मार्ग खुला झाला. युरोपातील फुटबॉलपटूंना मुदत संपल्यावर मुक्तपणे संघ बदलण्याचा हक्क न्यायालयाकडून मिळण्यास १९९५ साल उजाडावे लागले. तो बेल्जियमच्या जाँ-मार्क बोस्मन याचा खटला होता.

फ्लडचे २० जानेवारी १९९७ रोजी घशाच्या कर्करोगाने निधन झाले. तो ५९ वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने मेजर लीग खेळाडूंच्या नोकरीच्या बाबतीत बेसबॉलची सूट काढून घेणारा कायदा केला आणि त्याला कर्ट फ्लडचे नाव दिले.

कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची विनंती फेटाळणारे बोवी कून यांचा २००८ मध्ये समावेश झाला. मार्व्हिन मिलर यांना मरणोत्तर हा मान मिळाला. ज्याच्या बदल्यात फ्लडला फिलाडेल्फियाला पाठविण्यात येणार होते, तो डिक ॲलनही २०२५ मध्ये तेथे पोहोचला. फ्लडचे नाव त्या वर्षापर्यंतच्या यादीत नाही.