बिडी सुटली, पुडी आली

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीच्या एखाद्या टपरीवर ई-सिगारेट मागितली, तर टपरीवाला बहुधा बिडीचं बंडलच पुढे करील. कायद्यानेही ते ठीकच. २०१९ पासून देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात आणि साठा या सगळ्यावर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड. तरीही परदेशातल्या संशोधकांना छळणारा एक प्रश्न आपल्याही कामाचा आहे: एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसाने सिगारेट सोडून ई-सिगारेट धरली, तर त्याच्या हृदयाचं काय होतं?

इथे हृदय का आलं, ते आधी पाहू. एचआयव्हीला दाबून ठेवणारी सरकारी एआरटी औषधं एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. आज हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्यासाठी एचआयव्ही हा बीपी-शुगरसारखा सांभाळायचा आजार झाला आहे. मात्र या माणसांत हृदयविकाराचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतो. कारण आहे दाह. संसर्गाच्या सुरुवातीलाच विषाणू आतड्यातल्या, प्रतिकारयंत्रणेच्या सीडी-४ पेशींचा फडशा पाडतो. आतड्याचं अस्तर कमकुवत होतं, जंतूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि प्रतिकारयंत्रणा कायम चिडलेली राहते. गोळ्यांनी विषाणू दबतो, पण चुलीतलं लाकूड ओढून घेतलं तरी निखारे धगधगत राहावेत, तसा हा दाह उरतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर त्यात सोसतं आणि चरबीचे थर लवकर साचतात.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत काही रुग्णांची औषधं ठरवून मध्ये-मध्ये थांबवली होती. त्यांच्यात मृत्यूही वाढले आणि हृदयविकारही. रक्तातले आयएल-६ आणि डी-डायमर हे दाहाचे व गुठळीचे निदर्शक गोळ्या थांबवल्यावर महिन्याभरात चढले होते. म्हणजे गोळ्या हृदयाचंही रक्षण करतात, पण पुरतं नाही.

धूर याच जखमेवर येऊन बसतो. डेन्मार्कमध्ये, जिथे उपचार सर्वांना मोफत मिळतात, २०१३ च्या अभ्यासात एचआयव्हीबाधित धूम्रपान करणाऱ्यांची एचआयव्हीमुळे आयुष्यातली सरासरी ५.१ वर्षं गेली, तर धूम्रपानामुळे १२.३ वर्षं. विषाणूपेक्षा सिगारेटच महाग पडली!

आता ई-सिगारेट. तिच्यात तंबाखू जळत नाही. तापलेली तार निकोटिनयुक्त द्रवाची वाफ करते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड टळतो, पण फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन आणि धातूंचे कण फुफ्फुसात जातातच, आणि निकोटिन नाडी वाढवतं ते वेगळंच. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या चाचणीत (२०१९) सिगारेट सोडून ई-सिगारेटवर आलेल्यांच्या रक्तवाहिन्या महिन्याभरात अधिक लवचीक झाल्या. अमेरिकेत सात हजारांवर लोकांच्या रक्ताच्या अभ्यासात (२०२१) फक्त ई-सिगारेट ओढणाऱ्यांत दाहाचे निदर्शक सिगारेटवाल्यांपेक्षा कमी होते. पण ‘दोन्ही’ ओढणाऱ्यांत? साधारण सिगारेटवाल्यांइतकेच. हे दोन्ही अभ्यास सर्वसाधारण धूम्रपान करणाऱ्यांवरचे आहेत. एचआयव्हीमुळे आधीच दाह असलेल्या शरीराला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मला यातला ‘दोन्ही’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो, कारण अशी अदलाबदल आपल्याकडे जुनीच आहे, फक्त बॅटरीशिवाय. खोकला वाढला की माणूस बिडी टाकतो आणि तंबाखूची पुडी धरतो. वर सांगतो, ‘‘बिडी सोडली, आता नुसती मळून खातो.’’ धूर नाही म्हणजे हृदयाला धोका नाही, हा समज गावोगाव आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर धूररहित तंबाखू घेणारे होते २४.४ टक्के! आणि ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००६ मध्ये दाखवलं की फक्त बिडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता तंबाखू न घेणाऱ्यांच्या २.८९ पट, नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट आणि धूम्रपानाबरोबर तंबाखूही चघळणाऱ्यांत ४.०९ पट होती. कामावर पुडी, जेवणानंतर बिडी, हा हिशेब सर्वांत वाईट.

म्हणून ई-सिगारेटची बंदी योग्य की अयोग्य, हा वाद कळमनुरीपुरता मला दुय्यम वाटतो. एआरटीच्या प्रत्येक फेरीत वजन आणि गोळ्यांची मोजणी होते, त्याच वेळी तंबाखूचीही चौकशी व्हावी, आणि ती ‘बिडी ओढता का?’ एवढ्यावर थांबू नये. पुडी, मिश्री, गुटखा सगळं विचारावं.

तुम्ही किंवा घरातलं कोणी या गोळ्या घेत असेल, तर त्या एकही दिवस चुकवू नका आणि तंबाखूची सवय डॉक्टरांपासून लपवू नका. निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या आपल्याकडे कायदेशीर मिळतात. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोनवरून मोफत समुपदेशन मिळतं.