गुडघ्याचा भरवसा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. त्या दिवशीच्या जखमा सर्वांना दिसतात, त्यांची वार्ताही दूरवर पोहोचते. परंतु एक दुखापत अशी आहे की जिची वाच्यता कोठेच होत नाही. ती आमच्या गोदामांत, संत्र्याच्या बागांत आणि सौंसरच्या कबड्डीच्या मैदानात वर्षभर होत असते.

पाठीवर पोते घेऊन फळीवरून उतरणाऱ्या हमालाचा पाय जागीच रुततो व शरीर मात्र वळते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि काही तासांतच तो सुजतो. तेलाने चोळून, पट्टी बांधून पंधरा दिवसांनी मनुष्य चालू लागतो. सर्वांना वाटते, बरे झाले. पुढे जिना उतरताना तोच गुडघा अकस्मात दगा देतो.

याचे कारण काय? मांडीचे व नडगीचे हाड चार मुख्य अस्थिबंधांनी जखडलेले असते : दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकांस छेदणारे दोन. आतील पुढचा बंध तुटला की नडगी पुढे सरकू लागते. क्ष-किरणांच्या चित्रात हाडे दिसतात, बंध दिसत नाहीत. म्हणून ‘फोटो चांगला आला’ एवढ्यावर विसंबू नये.

जाणता शल्यवैद्य प्रथम धडधाकट गुडघा तपासतो, मग दुखरा. गुडघा वीस ते तीस अंश वाकवून एका हाताने मांडी स्थिर धरतो व दुसऱ्याने नडगी पुढे ओढतो. बंध शाबूत असेल तर ओढ एकदम अडते. तुटला असेल तर ती सैल जाते. या परीक्षेस लॅकमन या अमेरिकन वैद्याचे नाव आहे. तिचे वर्णन १९७६ साली प्रसिद्ध झाले. ताज्या दुखापतीत स्नायू आखडतात, म्हणून सूज ओसरल्यावर तपासणी पुन्हा करावी लागते. एमआरआयने निदान पक्के होते.

इंग्लंडात मेयो रॉब्सन यांनी १८९५ साली असे तुटलेले बंध शिवले होते. पुढे अनुभवास आले की आतील पुढचा बंध नुसता शिवून बहुधा नीट सांधत नाही. म्हणून आता रुग्णाच्याच मांडीतील अथवा वाटीखालील कंडरा घेऊन, दुर्बिणीच्या साह्याने, हाडांत बोगदे पाडून नवा बंध बसवितात. बाजूचा आतला बंध मात्र पुष्कळदा आधारपट्टी व व्यायाम यांनीच भरून येतो. शस्त्रक्रिया प्रत्येकास लागते असे नाही. बैठे काम करणाऱ्याचा गुडघा व्यायामानेही सावरू शकतो. ओझे वाहणाऱ्याची गोष्ट निराळी. शस्त्रक्रियेनंतर जड कामास परतण्यास नऊ महिने किंवा अधिक काळ लागतो.

व्यापारी बंधूंनो, खरा प्रश्न या नऊ महिन्यांचा आहे. नागपूर जवळ आहे, तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. परंतु रोजंदारी बुडेल या भीतीने हमाल तेथवर जात नाही. तो लंगडत पोती उचलतो, गुडघ्यातील कूर्चा झिजते, आणि ऐन उमेदीत तो कायमचा बसतो. आम्ही दरवर्षी तराजू तपासून घेतो. ज्यांच्या पायांवर आपला माल उभा आहे, त्यांचे गुडघेही वेळेवर तपासले जावेत आणि त्या काळात त्यांची चूल पेटती राहावी, एवढी तजवीज आपल्या पेढीच्या खर्चात बसावी, अशी आमची नम्र विनंती आहे.