टोपी न उंचावणारा टेड

आपल्याकडे घराबाहेर पडताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. चुकून 'जातो' असे तोंडातून गेलेच, तर घरातले वडीलधारे माणूस लगेच टोकते. निरोप कसा घ्यावा याचे वळण आपल्याला लहानपणापासून लावलेले असते. म्हणूनच १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने आईवडिलांपासून प्रशिक्षकांपर्यंत एकेकाचे नाव घेऊन आभार मानले आणि जाण्यापूर्वी खेळपट्टीला वाकून नमस्कार केला, तेव्हा घरोघरी माणसांनी डोळे पुसले. निरोप असाच घ्यायचा असतो, अशी आपली समजूत आहे.

पण ज्याला निरोप घेताच येत नाही, किंवा घ्यायचाच नसतो, अशा माणसाचे काय? आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या लोकांचे काय? अमेरिकेतील बॉस्टन शहरात असा एक निरोप समारंभ झाला. ती तारीख होती २८ सप्टेंबर १९६०. खेळ होता बेसबॉल, संघ होता 'रेड सॉक्स' आणि खेळाडूचे नाव होते टेड विल्यम्स.

क्रिकेटचा सावत्र भाऊ

बेसबॉल हा खेळ आपल्याला तसा परका. तेव्हा पुढची हकिगत कळण्यापुरते दोन शब्द सांगितले पाहिजेत. इथे चेंडू टप्पा न घेता सरळ फलंदाजाच्या अंगावर यावा तसा येतो. बॅट आपल्यासारखी सपाट नसते, मुसळासारखी गोल असते. त्यामुळे भरधाव येणारा गोल चेंडू गोल दांडक्याने अचूक टोलवणे हे महाकर्मकठीण काम. दहा वेळा प्रयत्न करून जो तीन वेळा यशस्वी फटका मारतो, तो तिथे उत्तम फलंदाज समजला जातो. सातदा अपयशी होऊनही ज्यात माणूस थोर ठरतो असा हा खेळ आहे! चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार गेला, तर त्याला 'होम रन' म्हणतात. आपला षटकारच म्हणा ना. मात्र तो षटकारापेक्षा दुर्मिळ आणि म्हणून अधिक मोलाचा.

टेड विल्यम्सचा जन्म १९१८ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो या गावी झाला. आई साल्व्हेशन आर्मीच्या सेवाकार्याला वाहिलेली. ती दिवसदिवस रस्त्यांवर फिरून दीनदुबळ्यांची सेवा करी आणि घरी मुलांकडे पाहायला कोणी नसे. हा सडपातळ, उंच पोरगा शेजारच्या मैदानावर अंधार पडेपर्यंत बॅट फिरवीत बसे. त्याची महत्त्वाकांक्षा एकच होती. आपण रस्त्याने जात असताना लोकांनी म्हणावे, 'तो पाहा, जगातला सर्वांत मोठा फलंदाज चालला!' १९३९ साली, विसाव्या वर्षी, तो रेड सॉक्स संघात आला आणि अखेरपर्यंत त्याच संघात राहिला.

१९४१ साली या तरुणाने काय केले ते पाहा. हंगामाचा शेवटचा दिवस उरला होता आणि त्याची सरासरी होती ०.३९९५५. म्हणजे कागदोपत्री ती ०.४०० धरली गेली असती. दहात चार यशस्वी फटके! हा मान फार थोड्यांना मिळालेला. संघनायक जो क्रोनिन याने सुचवले की, आज खेळू नकोस, बाकावर बैस, विक्रम खिशात पडेल. आपल्यापैकी कितीजणांनी हा व्यवहारी सल्ला नाकारला असता? टेडने नाकारला. फिलाडेल्फियात त्या दिवशी एकापाठोपाठ दोन सामने होते. तो दोन्ही खेळला, आठ प्रयत्नांत सहा वेळा यशस्वी झाला आणि सरासरी नेली ०.४०६ वर. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये आजतागायत कोणीही ०.४०० चा टप्पा गाठलेला नाही. तो दिवसही २८ सप्टेंबरचाच होता, हा योगायोग ध्यानात ठेवावा.

पुढे दुसरे महायुद्ध आले. १९४३ ते १९४५ ही ऐन उमेदीची तीन वर्षे टेड विमानदलात होता. ते संपते न संपते तोच कोरियाचे युद्ध उभे राहिले आणि तिशी ओलांडलेल्या या खेळाडूला पुन्हा बोलावणे आले. १९५३ च्या फेब्रुवारीत शत्रूच्या माऱ्याने त्याचे जेट विमान पेटले. चाके उघडेनात. तसेच घसरत त्याने ते धावपट्टीवर उतरवले, आतून उडी मारली आणि दूर पळाला. अशा एकोणचाळीस मोहिमा त्याने केल्या. युद्धात गेलेली जवळजवळ पाच वर्षे हाती असती, तर त्याने आणखी किती विक्रम केले असते, याचा हिशेब अमेरिकन माणसे अजून मांडीत बसतात.

भांडण

इतके असूनही टेडचे आणि बॉस्टनकरांचे कधी सरळ जमले नाही. त्याचे असे झाले की, पहिल्या वर्षी हा हसरा पोरगा फटका मारला की टोपी उंचावून लोकांना प्रतिसाद देत असे. दुसऱ्या वर्षी होम रन जरा कमी झाले, क्षेत्ररक्षणात चूक झाली आणि प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. वृत्तपत्रांनीही टीकेची झोड उठवली. त्या काळी बॉस्टनमध्ये वृत्तपत्रांची गर्दी होती आणि प्रत्येकाला रोज काहीतरी चमचमीत हवे असे. टेड मनातून दुखावला आणि त्याने निश्चय केला की, या लोकांपुढे पुन्हा टोपी उंचवायची नाही.

माणसाने रागाच्या भरात असे निश्चय अनेक करावेत आणि आठ दिवसांत विसरून जावेत, ही जगाची रीत. टेड विसरला नाही. एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल वीस वर्षे त्याने तो पाळला. पाचशेवर होम रन झाले, टाळ्यांचे कडकडाट झाले, पण टोपी डोक्यावरच राहिली.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये तर कहर झाला. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाविरुद्ध एक झेल त्याच्या हातून सुटला आणि लोक ओरडले. लगेच दुसरा अवघड झेल त्याने घेतला आणि तेच लोक टाळ्या पिटू लागले. टेडचे माथे भडकले आणि तो प्रेक्षकांच्या दिशेने थुंकला! मालकाने पाच हजार डॉलर दंड ठोकला. १९५८ साली बाद झाल्याच्या संतापात त्याने भिरकावलेली बॅट प्रेक्षकांतील एका वृद्ध बाईंना लागली. त्या बाईंनी मोठ्या मनाने त्याला क्षमा केली, पण टेडला त्या दिवशी रडू आवरेना.

थुंकणे हे निंद्यच. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण टेडची तक्रार काय होती, तीही ऐकून घ्यावी. त्याचे म्हणणे असे की, मी तोच, माझे कष्टही तेच. मग घटकेत शिव्या आणि घटकेत ओव्या, यातले खरे कोणते मानायचे? परीक्षेत पहिला आला तर 'आमचा बाळ' आणि नापास झाला तर 'तुमचा कारटा', असे ज्या घरात चालते, तिथल्या मुलाला हे दुःख चटकन कळेल.

याच माणसाची दुसरी बाजू मात्र पुष्कळांना ठाऊक नव्हती. बॉस्टनमध्ये कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांसाठी 'जिमी फंड' नावाचा निधी आहे. टेड त्या मुलांना भेटायला इस्पितळात जाई, त्यांच्या उशाशी बसे. अट एकच होती, बातमीदारांना याचा सुगावा लागता कामा नये. मैदानावर हजारोंकडे पाठ फिरवणारा हा गृहस्थ एकेका खाटेपाशी असा मऊ होऊन जात असे. १९५९ साली मानेच्या दुखण्याने त्याचा खेळ घसरला, तेव्हा त्याने मालकाकडे जाऊन स्वतःचा पगार कमी करून मागितला. सव्वा लाख डॉलरवरून तो नव्वद हजारांवर आला. पगारवाढीचे अर्ज आपण सर्वांनीच केलेले असतात. पगारकपातीचा अर्ज कोणी केल्याचे ऐकिवात आहे काय?

शेवटचा फटका

अशा माणसाला निरोप द्यायला त्या बुधवारी फेनवे पार्कवर किती लोक आले असावेत? अवघे १०,४५४. मैदानात तीस हजारांहून अधिक माणसे मावत होती. आकाश झाकोळलेले, हवा ओलसर गार. रेड सॉक्स आठ संघांत सातव्या क्रमांकावर. सामन्यावर काही म्हणजे काही अवलंबून नव्हते. जे आले ते केवळ टेडसाठी आले. त्यांत जॉन अपडाइक नावाचा अठ्ठावीस वर्षांचा एक लेखकही होता. त्याने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात त्या दिवसावर लिहिलेला लेख पुढे फार प्रसिद्ध झाला.

सामन्याआधी छोटासा समारंभ झाला. चाकांच्या खुर्चीतून आलेले महापौर जॉन कॉलिन्स यांनी जिमी फंडासाठी चार हजार डॉलरचा धनादेश दिला. यापुढे संघात नऊ क्रमांकाचा सदरा कोणालाही मिळणार नाही, असे जाहीर झाले. टेड बोलायला उभा राहिला, तेव्हाही वृत्तपत्रांच्या कक्षाकडे पाहून 'टंकयंत्राच्या सरदारांना' टोला हाणायला तो चुकला नाही. मात्र पुढे तो म्हणाला की, पुन्हा आयुष्य सुरू करायचे झाले आणि खेळायला एकच गाव निवडायचे झाले, तर मी बॉस्टनच निवडीन. इथल्यासारखे प्रेक्षक अमेरिकेत नाहीत. वीस वर्षांत न उच्चारलेले शब्द अखेर तोंडातून आले. टोपी मात्र हलली नाही.

बाल्टिमोर ओरिओल्सविरुद्ध सामना सुरू झाला. पहिल्या खेपेला टेडला मारण्याजोगा चेंडूच मिळाला नाही. दुसऱ्या खेपेला तो झेलबाद झाला. तिसऱ्या खेपेला त्याने असा उंच फटका मारला की लोक उठून उभेच राहिले. पण त्या जड हवेत चेंडू उजव्या बाजूच्या कुंपणापाशी पडू लागला आणि क्षेत्ररक्षकाने तो टिपला. लोकांनी उसासा टाकला. अंधारून आल्यामुळे दिवे लावण्यात आले.

आठव्या डावात टेड चौथ्यांदा आला. ही अखेरची खेप आहे हे सर्वांना ठाऊक होते. सारे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि त्या टाळ्या थांबेनात. समोर गोलंदाज होता जॅक फिशर, एकवीस वर्षांचा पोर. टेड ज्या वर्षी संघात आला, त्या वर्षी जन्मलेला! पहिला चेंडू बाहेर गेला. दुसऱ्यावर टेडने जीव खाऊन बॅट फिरवली, ती हुकली. तिसरा चेंडू आला आणि यावेळी बॅट बरोबर बसली. चेंडू उजव्या-मध्य बाजूच्या कुंपणापलीकडे जाऊन पडला. बेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यातल्या शेवटच्या चेंडूवर होम रन! एकूण पाचशे एकविसावा.

असे भाग्य किती जणांच्या वाट्याला येते? साक्षात डॉन ब्रॅडमन १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात शून्यावर बाद झाला. अवघ्या चार धावा निघत्या, तर त्याची कसोटी सरासरी शंभर भरली असती. आपले विजय मर्चंट मात्र भाग्यवान. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा काढून त्यांनी कसोटी क्रिकेट सोडले.

टेड मान खाली घालून, नेहमीच्याच घाईने चारही बेस धावला आणि छपराखाली जाऊन बसला. दहा हजार माणसे त्याच्या नावाचा घोष करीत राहिली. सहकाऱ्यांनी विनवले, पंचांनी खुणावले. क्षणभर बाहेर ये, टोपी उंच कर, एवढेच मागणे होते. तो आला नाही. नवव्या डावात संघ-व्यवस्थापकाने त्याला मुद्दाम मैदानात पाठवले आणि लगेच बदली खेळाडू धाडून परत बोलावले, म्हणजे लोकांना पुन्हा एकदा त्याला डोळे भरून पाहता यावे. तो धावत आला, तसाच आत गेला. रेड सॉक्सने सामना ५-४ असा जिंकला. न्यूयॉर्कचे तीन सामने अजून बाकी होते. पण आपण तिथे खेळणार नाही, असे टेडने सांगून टाकले.

उधारी फिटली

तो चुकला काय? पुष्कळांना वाटले, चुकला. ज्यांनी गारठ्यात बसून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या, त्यांना एवढेही देऊ नये? पण दुसरे असेही म्हणत की, वीस वर्षे पाळलेला निश्चय शेवटच्या क्षणी टाळ्यांपुढे मोडला असता, तर तो टेड कसला? गंमत अशी की, बॉस्टनकर रागावले नाहीत. घरातल्या हट्टी माणसाला आपण जसे समजून घेतो, तसे त्यांनी त्याला समजून घेतले.

१९६६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. त्या भाषणात त्याने स्वतःच्या विक्रमांचे पाढे वाचले नाहीत. वर्णभेदामुळे ज्यांना मोठ्या लीगचे दरवाजे वर्षानुवर्षे बंद राहिले, त्या सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांच्यासारख्या काळ्या खेळाडूंनाही इथे जागा मिळावी, असे तो सर्वांसमक्ष म्हणाला. पेजला १९७१ साली आणि गिब्सनला १९७२ साली ती मिळाली. टोपी न उंचावणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा मान राखणे असे ठाऊक होते.

आणि टोपीचे काय झाले? १२ मे १९९१ रोजी, ०.४०६ या विक्रमाच्या पन्नासाव्या वर्षी, फेनवे पार्कवर टेडचा सत्कार झाला. तो आता बहात्तर वर्षांचा होता. भाषण संपवताना त्याने लपवून आणलेली रेड सॉक्सची टोपी बाहेर काढली, डोक्यावर ठेवली आणि सर्वांच्या देखत उंचावली. टेड विल्यम्स कोणापुढे टोपी उंचावीत नाही असे पुन्हा कोणी म्हणू नये, अशा अर्थाचे काही तो बोलला, आणि मैदान दणाणून गेले.

टेड विल्यम्स ५ जुलै २००२ रोजी वारला. १९६० साली त्याला निरोप द्यायला आलेल्यांपैकी कितीजण १९९१ साली तिथे पोचले असतील? काही देवाघरी गेले असतील, काही म्हातारे होऊन घरीच दूरचित्रवाणीपुढे बसले असतील. त्यांच्या टाळ्यांची उधारी त्याने एकतीस वर्षांनी, मुलानातवंडांच्या हाती का होईना, चुकती केली. काही माणसांना उंबरठ्यावर उभे राहून 'येतो' म्हणायला असाच वेळ लागतो. त्यांच्यासाठी दार थोडे उघडे ठेवावे, एवढे शहाणपण बॉस्टनकरांपाशी होते.