नकलांच्या आवृत्ति व नवशिक्यांची मार्गदर्शिका

१. सिन्नर येथें हस्तलिखितें व मोडी कागद यांच्या नकला करण्याचें काम आम्ही चारपांच मंडळी कांहीं वर्षें करीत आहों. पूर्वीं नक्कल कागदावर होई. आतां ती संगणकावर होते, आणि तिच्या एकामागून एक होणाऱ्या आवृत्ति राखण्यासाठीं ‘गिट’ नांवाचें साधन आम्ही वापरतों. नव्यानें येणाऱ्या सहकाऱ्यांस हें साधन समजावें म्हणून आम्हीं एक मार्गदर्शिका लिहिली होती. ती सदोष ठरली. कां ठरली, व ती पुन्हा लिहितांना काय ध्यानांत आलें, तें इतर संग्राहकांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें मांडितों.

२. हेमाद्रीच्या व्रतखंडाच्या आरंभीं यादव कुळाची हकीकत देणारी राजप्रशस्ति आहे. हस्तलिखितांत ती दोन रूपांनीं मिळते, व डॉ. रा. गो. भांडारकर यांनीं आपल्या दक्षिणच्या प्राचीन इतिहासाच्या (१८८४) परिशिष्टांत ती दिली आहे. दृढप्रहारानें श्रीनगर मिळविलें असें व्रतखंडावरून दिसतें. उलट एका जुन्या ताम्रपटावरून त्याची राजधानी चंद्रादित्यपुर, म्हणजे बहुधा आजचें चांदवड, होती असें निघतें. श्रीनगर म्हणजेच सिन्नर असें कित्येकांचें मत आहे, आणि गोंदेश्वराच्या या गांवांत तें मत साहजिकच आवडतें आहे. आमच्या नकलेंत एका उत्साही नव्या सहकाऱ्यानें ‘श्रीनगर’ हा शब्द जेथें जेथें आला तेथें तेथें काढून ‘सिन्नर’ असा घातला, व आवृत्तीच्या नोंदींत ‘दुरुस्ती’ एवढाच एक शब्द लिहिला. पुढें त्याच नकलेवरून तिघांनीं टिपणें घेतलीं, आणि व्रतखंडांत सिन्नरचें नांव प्रत्यक्ष आलेलें आहे असें एकानें लिहूनही ठेविलें. जें अनुमान होतें तें अशा रीतीनें पुरावा होऊन बसलें.

३. जुनी आवृत्ति शाबूत असल्यामुळें मूळ पाठ थोड्या वेळांत परत आणितां आला. बाहेर गेलेलीं टिपणें मात्र एकेक करून शोधावीं लागलीं. दोष त्या सहकाऱ्याचा नव्हता. आमची पुस्तिका बावीस पानांची होती. पहिलीं सहा पानें साधन संगणकावर बसविण्याविषयीं होतीं व पुढील सर्व आज्ञांविषयीं. प्रत्येक आज्ञा बरोबर लिहिलेली होती. परंतु नकलेंत आपलें अनुमान घालूं नये, व नोंदींत बदलाचें कारण लिहावें, हीं दोन वाक्यें तींत कोठेंच नव्हतीं. कारण आम्हां जुन्या मंडळींस तीं सांगावीं लागत नव्हतीं. जें लिहिणाऱ्यास सांगावेंसें वाटत नाहीं तेंच नवशिक्यास ठाऊक नसतें.

४. हें साधन मुळांत आपल्या कामासाठीं झालेलें नाहीं. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांस, कोणी कधीं काय बदललें तें कळण्याची गरज पडली. १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं अशा नोंदीचें एक आरंभींचें साधन तयार केलें; पुढें आणखी कांहीं झालीं; आणि २००५ सालीं लिनस टॉर्वल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामासाठीं गिट निर्माण केलें. त्याचें तत्त्व सोपें आहे. काम एका टप्प्यास आलें म्हणजे त्या वेळची सर्व फाइलींची स्थिति, करणाराचें नांव, मिती व कारण यांसह दप्तरीं दाखल करावयाची. प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरूनच गणित करून चाळीस चिन्हांची एक खूण मिळते. मजकूर वा मागील नोंद अक्षरानेंही बदलली तर खूण बदलते. म्हणून लेखांत नकलेचा आधार देतांना ही खूण दिली, तर कोणती आवृत्ति पाहिली याविषयीं संशय राहत नाहीं. तिचीं पहिलीं सात चिन्हें लहान संग्रहास बहुधा पुरतात.

५. नवशिक्यास हें कां करावयाचें तें आधीं सांगावें, आणि तें त्याच्याच व्यवसायांतील उदाहरणांनीं सांगावें. नव्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आम्हीं दोन उदाहरणें घातलीं. शके १५०६ त एकनाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ग्रंथ शुद्ध झाला. परंतु त्यांच्यापुढें कोणत्या प्रती होत्या व कोणत्या ओवीचा कोणता पाठ त्यांनीं कां टाकिला, याची ओवीवार नोंद आपल्या हातीं नाहीं. नाथांच्या अधिकाराविषयीं प्रश्न नाहीं. संशोधकास निर्णयाबरोबर निर्णयाचा मागही हवा असतो, इतकेंच. दुसरें उदाहरण महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हें काम १९१९ त हातीं घेऊन १९६६ त पुरें केलें. तींत स्वीकृत पाठ वर व टाकलेले पाठ खालीं, प्रतींच्या खुणांसह, छापले आहेत. जेथें निर्णय पुरता निश्चित नाहीं तेथें शब्दांखालीं नागमोडी रेघ आहे. या खुणा कशा वाचाव्या व निवड कोणत्या तत्त्वानें केली, तें डॉ. वि. सी. सुखटणकर यांनीं आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेंत सविस्तर सांगितलें. ती प्रस्तावना नसती तर तळचे पाठभेद बहुतेक वाचकांस निव्वळ अंकाक्षरांची गर्दी वाटली असती. नवशिक्याच्या मार्गदर्शिकेनें आपल्या आटोक्यांत हेंच काम करावयाचें असतें.

६. यानंतर शब्द. गिटचे शब्द परके आहेत, पण बहुतेकांस आपल्या दप्तरांत जवळचा शब्द आहे. ‘रिपॉझिटरी’ म्हणजे दप्तर. ‘क्लोन’ म्हणजे तालीक. मात्र ही तालीक शेवटच्या प्रतीचीच नसून मागील सर्व नोंदींसकट असते. ‘कमिट’ म्हणजे मिती व नांवनिशीसह नोंद. ‘डिफ’ म्हणजे दोन आवृत्तींतील पाठभेद. ‘ब्रँच’ म्हणजे शाखा. आणि ‘मर्ज’ म्हणजे दोन शाखा एकमेकींशीं रुजू पाहून एक करणें. येथें एक सावधगिरी लागते. हस्तलिखितांची शाखा नकलकारांच्या नकळत फुटते, गिटची शाखा आपण होऊन काढावी लागते. उपमा कोठें लंगडी पडते तें त्याच ठिकाणीं सांगितलें नाहीं, तर नवशिका उपमेवरून चुकीचीं अनुमानें काढितो. शिवाय मराठी प्रतिशब्द दिला तरी मूळ शब्द सोडूं नये, कारण पडद्यावर तोच दिसणार.

७. आज्ञा सांगावयाच्या त्या अकारविल्हे सांगूं नयेत. एका दिवसाच्या कामाच्या क्रमानें सांगाव्या. सकाळीं ‘पुल’नें इतरांचें काम आणावें, एक पत्र उतरावें, ‘डिफ’नें आपण काय बदललें तें डोळ्यांखालून घालावें, ‘ॲड’नें फाइल नोंदीसाठीं निवडावी, ‘कमिट’नें नोंद करावी, ‘पुश’नें ती रवाना करावी. एवढ्या पांच आज्ञांत नवशिक्याचा पहिला महिना जातो. प्रत्येक पायरीपुढें, ती साधली असतां पडद्यावर काय दिसेल, हें लिहावें. कित्येकदां काम बरोबर झालें असतां गिट कांहींच बोलत नाहीं, व नवा मनुष्य तीच आज्ञा पुन्हा देत बसतो.

८. नोंद कशी लिहावी याचा एक वाईट व एक चांगला नमुना शेजारीं शेजारीं द्यावा. ‘दुरुस्ती’ ही वाईट नोंद. ‘पत्र १४ अ, ओळ ६: पूर्वीं सेवण असें वाचलें होतें, आतां सेउण, दुसऱ्या प्रतीशीं ताडून’ ही चांगली. पहिलींत बदल झाला एवढेंच कळतें. दुसरींत स्थळ, जुना पाठ, नवा पाठ व आधार हीं चारही कळतात, आणि न पटल्यास उलट वाद करितां येतो. एका नोंदींत एकाच तऱ्हेचा बदल असावा. वाचन सुधारणें व विरामचिन्हें घालणें हीं एकाच नोंदींत केलीं, तर पुढें एक ठेवून दुसरें काढणें कठीण होतें.

९. देवनागरी लेखनाच्या कांहीं अडचणी परकीय पुस्तिकांत आढळत नाहींत. त्या आपणच लिहिल्या पाहिजेत. पहिली, गिट मजकूर ओळवार ताडतें. सबंध परिच्छेद एका ओळींत लिहिला तर एक काना बदलला तरी सबंध परिच्छेद बदललेला दिसतो. म्हणून पोथीची एक ओळ ती फाइलींत एक ओळ, असा नियम करावा. दुसरी, ‘कऱ्हाड’ यांतील अर्धा र दोन रीतींनीं टंकितां येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त करून, किंवा साध्या र च्या हलन्तापुढें एक अदृश्य जोडखूण घालून. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, यंत्रास भिन्न. त्यामुळें न दिसणारे पाठभेद उत्पन्न होतात व शोध घेतांना अर्धीं स्थळें हुकतात. कोणती रीत पाळावयाची तें पहिल्याच पानावर ठरवून द्यावें. तिसरी, फाइलींचीं नांवें देवनागरींत ठेविलीं तर गिट तीं मूळ मांडणींत आकड्यांच्या रूपानें दाखवितें, व फाइल बिघडली असें वाटतें. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही मांडणी ‘फॉल्स’ केली म्हणजे अक्षरें दिसूं लागतात. चौथी, पत्रांचीं मोठीं छायाचित्रें या दप्तरांत घालूं नयेत. त्यांचा ओळवार पाठभेद निघत नाहीं, आणि प्रत्येक बदलागणिक सबंध चित्र सांठत जाऊन दप्तर फुगतें. छायाचित्रें वेगळीं ठेवून येथें त्यांची यादी ठेवावी.

१०. चूक झाल्यावर काय करावें याचें प्रकरण शेवटीं न ढकलतां मध्यावर ठेवावें, कारण नवशिक्यास त्याची गरज दुसऱ्याच दिवशीं लागते. पोथी लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर हरताळ फाशीत. खालचें अक्षर कधीं ओळखूं येई, कधीं कायमचें जाई. गिटची ‘रिव्हर्ट’ ही आज्ञा हरताळ फाशीत नाहीं. ती उलट बदलाची नवी नोंद करिते आणि चुकीची नोंदही जागच्या जागीं राहते. इतरांकडे रवाना झालेला नोंदींचा इतिहास पालटून टाकणाऱ्याही आज्ञा आहेत; नवशिक्याच्या पुस्तिकेंत त्यांचें नांव निषेधापुरतेंच यावें. दोघांनीं एकच ओळ निरनिराळी बदलली म्हणजे गिट निर्णय करीत नाहीं. दोन्ही पाठ बाणटोकांच्या खुणांमध्यें मांडून थांबतें. येथें पुस्तिकेनें स्पष्ट सांगावें कीं, घाबरूं नये, अंदाजानें एक पाठ पुसूं नये, मूळ पत्र उघडून पाहावें, व त्यानेंही संशय न फिटल्यास दुसरा पाठ टिपांच्या फाइलींत लिहून ठेवावा.

११. नवी पुस्तिका आठ पानांची झाली. ती छापण्यापूर्वीं, मोडी उत्तम वाचणाऱ्या पण गिट कधीं न पाहिलेल्या एका गृहस्थांच्या हातीं दिली, आणि शेजारीं बसून तोंडानें कांहीं सांगावयाचें नाहीं असा निर्बंध आम्हीं स्वतःस घातला. ते पहिल्याच पायरीस थांबले: ‘आज्ञा द्यावी’ असें लिहिलें होतें, पण ती कोठें टंकावयाची तें लिहिलें नव्हतें. असे ते सात ठिकाणीं थांबले, व सातही ठिकाणीं चूक पुस्तिकेची होती. पुस्तिकाही आम्ही आतां त्याच दप्तरांत ठेवितों, म्हणजे तिच्यांतील प्रत्येक फेरफाराचें कारण पुढच्यास वाचावयास मिळेल.

१२. राजप्रशस्तीच्या नकलेंत ‘श्रीनगर’ पुन्हा जागेवर आहे, आणि तें सिन्नर असावें हें मत वेगळ्या टिपांच्या फाइलींत, मत म्हणूनच, नोंदलें आहे. ‘दुरुस्ती’ ही जुनी नोंदही काढलेली नाहीं. नव्या सहकाऱ्यास पहिल्या दिवशीं तीच उघडून दाखवितों. सिन्नरचा मान खरा असेल तर तो पुराव्यानें ठरेल, आणि तो ठरविणाऱ्यापुढें प्रशस्तीचा पाठ आमच्या आवडीनिवडीवांचून गेला पाहिजे. ज्या संग्राहकांनीं अशा मार्गदर्शिका केल्या असतील त्यांनीं त्या प्रसिद्ध कराव्या, व प्रस्तुत लेखांतील न्यून दाखवावें, अशी विनंती आहे.